गोल्डस्मिडसाहेबांची साखळी

जुन्या मोजणीचे टिपण हा दिसायला अगदी साधा कागद. एका शेताचा एक. मधून गेलेली लांब रेघ, तिच्या दोन्ही अंगांना काटकोनात काढलेले लंब, प्रत्येक लंबाशी साखळी-आण्यांचे आकडे आणि कडेला शेजारच्या शेतांचे नंबर. तेही पुष्कळदा मोडीत. बांधावरून वाद पेटला, दोन्हीकडची माणसे हातघाईवर आली, की कचेरीच्या कपाटातून हा कागद निघायचा आणि त्यावरून शेताची हद्द पुन्हा जमिनीवर आखली जायची. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी उमेदीची वर्षे या कागदांच्या संगतीत गेली. पण ज्यांनी ही सारी रीत घालून दिली, त्यांचे नाव मला नोकरीत कुणी सांगितले नाही. ते पुढे वाचनात आले. हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड. ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी नोकर. आज खात्यातल्या तरुण मुलांना विचारले तर दहातल्या एकालाही ते माहीत नसते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

गोल्डस्मिड १८१२ साली लंडनमध्ये जन्मले. सतराव्या वर्षी कंपनीच्या नोकरीसाठी त्यांची शिफारस झाली आणि ते हेलीबरीच्या कॉलेजात दाखल झाले. हिंदुस्थानात पाठवायची साहेब मंडळी तिथे तयार होत. हिंदुस्थानी आणि फारसीत ते चमकले, अर्थशास्त्राचे बक्षीसही त्यांनी मिळवले. त्या वर्षांत हेलीबरीत हा विषय शिकवायला होते थॉमस माल्थस, लोकसंख्येच्या सिद्धांताने जगभर गाजलेले. म्हणजे जमिनीचा खंड, निव्वळ उत्पन्न, सरकारचा वाटा या गोष्टी हा मुलगा थेट त्या विषयातल्या मोठ्या माणसाकडून शिकून आला. १८३२ साली ते मुंबई इलाख्यात उतरले. केपला वळसा घालून येणारे जहाज तेव्हा महिनेच्या महिने समुद्रावर असे. आधी नगर आणि ठाणे जिल्ह्यांत काम, मग रेव्हेन्यू कमिशनरांचे असिस्टंट. आणि १८३५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांच्यापुढे इंदापूर तालुका आला.

इंदापूरची तेव्हाची अवस्था समजून घेतल्याशिवाय या माणसाचे काम कळणार नाही. पेशवाई बुडून सतरा वर्षे झाली होती. मधल्या काळात रॉबर्ट प्रिंगल नावाच्या दुसऱ्या एका हुशार सिव्हिलियनने पुणे भागाची मोजणी केली होती आणि १८३०पासून नवा सारा लागू झाला होता. प्रिंगल यांचे गणित पुस्तकाबरहुकूम होते. पिकातून लागवडीचा खर्च वजा करा, उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर ते बिनचूक दिसत होते. प्रत्यक्षात मोजणी ठिकठिकाणी चुकली होती, हाताखालच्या कारकुनांनी पैसे खाऊन चांगल्या जमिनी हलक्या आणि हलक्या जमिनी चांगल्या दाखवल्या होत्या, आणि त्याच वेळी धान्याचे भाव पडले. इंदापूर हा पावसाचा भरवसा नसलेला, ज्वारी-बाजरीचा मुलूख. सारा भरणे झेपेना. वसुलीसाठी रयतेचा छळ झाल्याच्या नोंदी सरकारच्याच कागदांत आहेत. माणसे घरदार टाकून निजामाच्या हद्दीत निघून गेली. गावेच्या गावे पडीक पडली.

गोल्डस्मिड तिथे गेले आणि ज्या पुस्तकी अर्थशास्त्राने त्यांना बक्षीस मिळवून दिले होते ते त्यांनी बाजूला ठेवले. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा त्यांनी साधा प्रश्न विचारला: या गावाने गेल्या इतक्या वर्षांत प्रत्यक्षात काय भरले, काय थकले, आणि जमीन कधी पडीक पडली? जुन्या वसुलीचे आकडे, पाऊस, बाजारापासूनचे अंतर, जमिनीची जात हे सारे बघून त्यांनी दर बसवले, आणि ते उतरवले. त्यांच्या जोडीला इंजिनियर पलटणीतले लेफ्टनंट जॉर्ज विनगेट आले, तेही जवळपास त्यांच्याच वयाचे. ही दोन तरुण पोरे, त्यांच्या हाताखाली मराठी कारकून, मोजणीदार, प्रतवारी करणारे. गावोगावचे पाटील-कुलकर्णी आणि हद्दीची खूण तोंडपाठ असलेले महार बरोबर असत. त्या साऱ्यांच्या पायाखालून इंदापूरचे एकेक शेत गेले. अहवालांवर सह्या साहेबांच्या आहेत. महारांच्या तोंडी साक्षीवर कितीतरी शिवांचे दगड उभे राहिले, पण त्यांच्यातल्या एकाचेही नाव त्या अहवालांत सापडत नाही. गोल्डस्मिडविषयी आदराने लिहिताना ही उणीव मला डाचते.

त्या पद्धतीतली एकेक पायरी आजही सांगावीशी वाटते. शेत किती मोठे धरायचे? एका बैलजोडीला झेपेल एवढे. त्याला नंबर द्यायचा, तो सर्व्हे नंबर. चारी बाजूंना न नांगरता ठेवलेला पट्टा, कोपऱ्यावर मातीच्या वरोळ्या किंवा दगड. मोजायची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. शेतकऱ्याच्या पोराला तोंडी करता येईल इतका सोपा हिशेब. आज पुण्याच्या आसपास गुंठ्याचा भाव सांगताना लोकांचे डोळे विस्फारतात. तो गुंठा या साखळीचा आहे.

मग प्रतवारी. शेताचे चौकोनी भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते खणून बघायचे. पावणेदोन हात किंवा त्याहून खोल काळी माती असेल तर ती सोळा आणे. तिथून खोली कमी होत जाईल तशी चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटी दोन आणे. नऊ प्रती. माती तांबडी आहे की मुरमाड, तिच्यात चुनखडी आहे का, वाळू आहे का, उताराने वाहून जाते का, पाणी साचून चिबाड होते का, हे दोष खुणांनी लिहायचे आणि दोषागणिक प्रत खाली आणायची. ही सारी नोंद शेतात उभे राहून. मग वरचा अधिकारी येऊन त्यातली काही शेते स्वतः पुन्हा मोजणार, पुन्हा खणणार. आमच्या काळापर्यंत हे काम करणाऱ्याला निमतानदार म्हणत. तो आला की भल्याभल्या मोजणीदारांचे हात थरथरायचे.

सारा तीस वर्षांसाठी कायम. त्या मुदतीत रयतेने विहीर पाडली, ताल घातली, जमीन सुधारली, तरी वाढ नाही. नको असेल तर नंबर सोडून द्यायची मुभा. पळून गेलेली माणसे इंदापुरात परत येऊ लागली, पडीक जमिनी लागवडीखाली आल्या. १८४७ साली गोल्डस्मिड, विनगेट आणि त्यांचे मोजणीतले सहकारी डेव्हिडसन यांनी मिळून संयुक्त अहवाल लिहिला आणि मुंबई इलाख्यातल्या जमाबंदीचा तो पाया ठरला.

मी नोकरीला लागलो तेव्हा सत्तरचे दशक होते. साहेब जाऊन कैक वर्षे झाली होती, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर होत होते, एकत्रीकरणाने सर्व्हे नंबरांचे गट नंबर केले होते. पण काम करण्याची चाल तीच होती. मोजणीच्या नोटिसा आठवडाभर आधी जायच्या. ठरल्या दिवशी सकाळी एस्टीने गावच्या फाट्यावर उतरायचे, साखळी, झेंडे, खिळे, प्लेन टेबल असा सगळा सरंजाम डोक्या-खांद्यावर घेऊन शेतापर्यंत चालत जायचे. तिथे अर्धे गाव जमलेले असे. अर्जदार, लगतचे कब्जेदार, पोलीस पाटील, कोतवाल, आणि ज्यांचा काही संबंध नाही अशी दहा-वीस म्हातारी माणसे. त्या म्हाताऱ्यांना मी फार मानायचो. टिपणातला एखादा दगड सापडेना की त्यांच्यातला कुणी उठायचा, काठी टेकत जायचा आणि म्हणायचा, "माझ्या आज्यानं हितं दाखीवला व्हता. खणा." खणले की हातभर खाली दगड लागायचा. साखळीने अंतर मोजून बघितले की टिपणाशी जुळायचे, एखाद्या आण्याचा फरक. दोन्ही बाजूंचे लोक वाकून बघत. कुणी काही न बोलता भांडण तिथेच निम्मे मिटलेले असे.

शेत मोजायला दिवस जायचा, कधी दोन. दुपारी कुणाच्या तरी वस्तीवर भाकरी. अर्जदाराच्या घरी जेवायचे नाही, असे आमच्या निमतानदारांनी बजावलेले होते. जेवायचेच असेल तर ज्याचा वादाशी काडीचा संबंध नाही त्याच्याकडे. संध्याकाळी पंचनामा, जबाब, सह्या, अंगठे. रात्री मुक्कामी कंदिलाच्या उजेडात नकाशावर शाई फिरवायची. पायांचे तुकडे पडत. तरी त्या दिवसांची आठवण आली की जीव तिकडे ओढतो.

आताची मोजणी मी बघून आलो. मुलगा दुचाकीवरून आला, पाठीवरच्या पिशवीतून रोव्हर काढला, बांधाच्या कोपऱ्यावर काठी टेकवली. उपग्रहांवरून आणि राज्यभर उभारलेल्या संदर्भ-केंद्रांवरून त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश क्षणात आले, तेही काही सेंटिमीटरच्या अचूकतेने. अर्ज ऑनलाइन, शुल्क ऑनलाइन, नकाशा संगणकावर. गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोन उडतात. सातबाऱ्यावर डिजिटल सही असते आणि शेतकऱ्याला तो कुणाच्या पाया न पडता मोबाइलवर मिळतो. पीक पाहणीसाठी तलाठ्याची वाट बघायला नको, २०२१पासून शेतकरी स्वतःच ॲपवर फोटो टाकतो. यात वाईट काय आहे? काहीच नाही. साखळी उन्हात तापून लांब व्हायची, ओढणाऱ्याच्या हातात ढील राहायची, ओढ्यातून मोजताना अंदाज धरावा लागायचा. रोव्हरला हे दोष नाहीत. सातबाऱ्यासाठी म्हाताऱ्या बायांना कचेरीच्या पायरीवर दिवसदिवस बसलेले मी पाहिले आहे, त्यामुळे ते दिवस परत यावेत असे मी कधीच म्हणणार नाही.

पण बांधावर आता गाव जमत नाही. तो मुलगा आला तेव्हा शेतात अर्जदार आणि त्याचा भाऊ, दोघेच होते. लगतच्या कब्जेदाराने पुण्यातून फोनवर हरकत नाही असे सांगितले होते. म्हातारा कुणी नव्हता. बिंदू बिनचूक आला, पण तो पाहिला कुणी? उद्या वाद झाला तर "माझ्यासमोर झाले" असे सांगणारे गावात कोण उरणार? गोल्डस्मिडच्या पद्धतीची ताकद साखळीत जेवढी होती तेवढीच उघड्यावर, सगळ्यांसमक्ष मोजण्यात होती, हे मी पस्तीस-चाळीस वर्षे बांधांवर पाहिले आहे. आणि मातीचे काय? आजची मोजणी शेताची कड बघते. माती कुणी खणत नाही. सातबाऱ्यावर साऱ्याचा आकार अजून छापला जातो, पण तो आकडा आता इतका किरकोळ झाला आहे की त्यामागे कधीकाळी कुणीतरी पावणेदोन हात खणून बघितले होते, हे वाचणाऱ्याच्या मनातही येत नाही.

आणखी एक फरक मला सतत जाणवतो तो मुदतीचा. गोल्डस्मिड १८३५ ते १८४५ अशी दहा वर्षे याच एका कामात होते. दख्खनच्या तालुक्यांतून ते दक्षिण मराठा मुलखापर्यंत गेले, पण काम तेच, मोजणीचे. पावसाळा सोडला तर तंबूत राहायचे, घोड्यावरून हिंडायचे, आज एका गावात आणि उद्या पुढच्या. आपल्याकडे २००५च्या कायद्याने अधिकाऱ्याची एका जागेवरची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची ठरवली. पुष्कळदा तेवढीही मिळत नाही. माझ्या नोकरीत मी कितीतरी हुशार, तळमळीचे प्रांत आणि कलेक्टर पाहिले. कामाची नस सापडायला वर्ष जाते, माणसे कळायला आणखी एक, आणि मग बदलीचा कागद येतो. त्यांच्या बुद्धीत किंवा सचोटीत काहीच कमी नव्हते. हातात दहा वर्षे असती तर यांच्यातल्या कुणी काय उभे केले असते, या विचाराने मी हळहळतो. दौरे तर आता बहुतेक व्हिडिओ कॉन्फरन्सवर आले. तालुक्याच्या माणसाला साहेबांचा चेहरा पडद्यावर दिसतो.

मात्र त्या काळाची ओढ वाटते म्हणून त्यातले कडू मी झाकणार नाही. हा सारा शेवटी कंपनीच्या तिजोरीसाठी होता. ज्या चिकाटीने गोल्डस्मिडनी रयतेचा सारा उतरवला, त्याच चिकाटीने १८४३पासून दक्षिण मराठा मुलखात त्यांनी इनामांची चौकशी चालवली. त्यातूनच पुढे इनाम कमिशन उभे राहिले आणि १८५२ साली त्याचा कायदा झाला. पिढ्यान्‌पिढ्या भोगवट्यात असलेल्या इनामांची सनद दाखवा, नाहीतर जमीन सरकारजमा. कुणाची सनद वाळवीने खाल्लेली, कुणाची आगीत गेलेली. हजारो कुटुंबांच्या जमिनी गेल्या किंवा त्यांवर सारा बसला. १८५७च्या आधीच्या वर्षांत या मुलखात जी चीड साठत गेली तिच्यात याचा मोठा वाटा आहे. त्या चौकशीसाठी पेशवे दप्तराचे रुमाल सोडून तपासले गेले. आज इतिहासाचे अभ्यासक ज्या दप्तरावर जगतात ते कमिशनच्या ताब्यातून आले आहे. तरी ज्यांचे घर त्यात बसले, त्यांना याचे काय सुख?

आणि ती तीस वर्षांची मुदत. ती १८६७ साली इंदापुरात संपली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, सगळीकडे पैसा खेळताना दिसत होता. नव्या साहेबांनी तेवढे बघितले आणि तालुक्याचा सारा निम्म्याहून अधिक वाढवला. पाठोपाठ भाव कोसळले. सावकाराचे देणे चढत गेले आणि १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांची खतपत्रे जाळली. साऱ्याच्या वाढीवर सरकारला त्याआधीच मर्यादा घालावी लागली होती, पुढे १८७९ साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. मला नेहमी वाटते, गोल्डस्मिड तेव्हा हयात असते तर? त्यांनी भावांच्या भरतीवर दर बसवले नसते. त्यांनी आधी गावाची मागची वीस वर्षे वाचली असती.

पण ते तेव्हा नव्हते. १८४७मध्ये ते गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचे खासगी सचिव झाले, १८४८मध्ये महसूल आणि वित्त खात्याचे सचिव, १८५४मध्ये मुख्य सचिव. सिव्हिलियनाच्या कारकिर्दीत ही मोठीच चढण होती. आणि ३ जानेवारी १८५५ला कैरोत त्यांचे निधन झाले, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. इंग्लंड आणि मुंबईच्या वाटेवरचे ते शहर. सुवेझचा कालवा खुला व्हायला अजून चौदा वर्षे होती.

दहा वर्षांनी, १८६५ साली, इंदापूर तालुक्यात डिकसळला त्यांच्या स्मरणार्थ धर्मशाळा उभी राहिली. जिथून मोजणी सुरू झाली त्या जागेजवळ, लोकांनी वर्गणी काढून. उद्घाटनाला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर आले. गोल्डस्मिडनी इंदापुरात काम सुरू केले तेव्हा हेच फ्रेअर पुण्यात नवखे असिस्टंट होते, त्यामुळे ते ऐकीव बोलत नव्हते. त्याच वर्षी ही सारी पद्धत मुंबईच्या कायदेमंडळाने कायद्यात बसवली. कलकत्ता-मुंबईत गव्हर्नरांचे पुतळे कितीतरी उभे राहिले. पण वाटसरूला पाठ टेकायला जागा, हे मोजणी करणाऱ्या माणसाचे स्मारक मला जास्त शोभणारे वाटते.

इंदापूर आज ओळखू येत नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी मैलोन्‌मैल मागे पसरले. पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले, गावे उठून वर आली. ज्या बरड माळाला दोन आण्यांची प्रत लागत होती तिथे ऊस आणि डाळिंब उभे आहे, भिगवणला मासळीचा बाजार भरतो, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसे येतात. पहिल्या मोजणीतली पुष्कळशी काळी, सोळा आण्यांची जमीन नदीकाठची होती, ती जलाशयाच्या तळाला गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की लोक गाळपेराला उतरतात आणि जुनी माणसे पोरांना दाखवतात, हा आपला नंबर, तो पलीकडचा पाटलांचा.

खात्यात आता जुने अभिलेख स्कॅन होत आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. त्याबरोबर दोन गोष्टी व्हाव्यात असे मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगतो. नव्या भूकरमापकाला टिपणापुरती तरी मोडी वाचता यावी, कारण स्कॅन केलेला कागद वाचता आला नाही तर तो कपाटात काय आणि संगणकात काय. आणि प्रशिक्षणात प्रत्येकाने एक शेत साखळीने मोजावे, लगतदारांना बोलावून, सगळ्यांसमोर, कोपऱ्यावरचा दगड स्वतःच्या हाताने खणून काढावा. मग त्याच दगडावर रोव्हरची काठी टेकवावी.